मिसरीचा तवा

डेअरीवर दूध घालून मी घराकडं येत होतो. हातात रिकामी किटली. गल्लीच्या तोंडाशी आलो तर सून मीरा दारात उभी दिसली, पदर तोंडाला लावून. किटली वसरीत ठेवली, पाय धुतले आणि आत गेलो. सगुणा भिंतीकडं मान करून निजली होती, रोज निजायची तशीच. फक्त गालाला लावलेला पंचा खाली सरकलेला होता. जिवंतपणी तो पंचा तिनं कुणापुढं सरकू दिला नव्हता. मी तो उचलून नीट लावला... मंग खाली बसलो. सकाळी जाताना मी तिला विचारलं होतं, नळीतून चहा देऊ का. ती म्हणली होती, "आल्यावर द्या. घाई करू नका, दम लागंल." आमचं शेवटचं बोलणं एवढंच. त्यात मोठं असं काही नाही.

त्याला आता दीड महिना होऊन गेला. मी चौथी शिकलेला माणूस. पेपरच्या पुरवणीत लोक आपल्या गेलेल्या माणसाबद्दल लिहितात ते मी वाचत असतो. जो तो लिहितो, माणूस देवासारखा होता. माझी बायको देवासारखी नव्हती. तोंडाची फटकळ होती, हाताची कामसू होती आणि मिसरीची पक्की होती. मिसरीनंच ती गेली. हे लिहायला मला लाज वाटत नाही. थकवा येतो, तेवढं खरं.

ज्यांना मिसरी माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. बाजारातून तंबाखूचं पान आणायचं, लोखंडी तव्यावर काळं पडेस्तोवर भाजायचं, चुरायचं आणि जुन्या लुगड्याच्या तुकड्यातून गाळून घ्यायचं. ती काळी पूड म्हणजे मिसरी. बायका ती बोटानं हिरडीला घासतात. सकाळी दात घासायला म्हणून सुरू होतं. मंग न्याहारीनंतर एकदा, रानात कापूस वेचताना कंबर धरली की एकदा, जेवणावर एकदा, निजायच्या आधी एकदा. एवढ्या वेळा दात कोण घासतं, असं आमच्याकडं कुणी कुणाला विचारलं नाही. बाई बाईला भेटली की चहाच्या आधी डबी निघायची. भूक मारायला मिसरी, दाढ दुखली तर मिसरी, पोट साफ व्हायला मिसरी. घरात एखादी बाई तंबाखू खाते म्हणलं असतं तर नाकं मुरडली असती. मिसरीला कुणी नाक मुरडत नव्हतं.

सगुणाचं माहेर जांब समर्थच्या अंगाला. लग्न होऊन आली तेव्हा तिच्या पेटीत तिच्या आईनं दिलेला एक तवा होता, जाड बुडाचा, एका कडेला टवका उडालेला. मिसरीचा तवा वेगळा असतो. त्यावर भाकरी भाजत नाहीत, कडू लागते. आमच्या गोठ्याच्या मागं तीन दगडांची चूल होती, तिथं ती मिसरी भाजायची. तिच्या हाताला ती चव होती असं सगळ्या गल्लीचं म्हणणं. पान कच्चं राहिलं तर घेरी येते, जास्त जळलं तर नुसता कोळसा. ती धुराच्या वासावरून तवा उतरवायची. त्यामुळं आसपासच्या बायका आपापली पानं घेऊन तिच्याकडं यायच्या. आमच्या भिंतीला भिंत लागून कौसाबाईचं घर. ती तर दर बाजाराच्या दुसऱ्या दिवशी हजर. "सगुणाबाई, तुमच्या तव्याबिगर माझं डोकं उतरत न्हाई," म्हणायची. सगुणा म्हणायची, "मंग तवाच लाव की डोक्याला." तवा चढला की गोठ्यातली म्हैस खोकायची, मीही खोकत खोकत पारावर जाऊन बसायचो. दोघी मात्र धुरात बसून हसत असायच्या.

माझं व्यसन बिडीचं. मिसरूड फुटायच्या आधीपासून ओढत होतो. आधी सकाळचा खोकला सुरू झाला, मंग दिवसाचा. मंग एक वर्ष असं आलं की विहिरीपासून घरापर्यंत यायला मला मधी दोनदा बसावं लागायचं. जालन्याला डॉक्टरनं छातीचा फोटो काढला आणि समजावून सांगितलं. आपल्या छातीत बारीक बारीक फुगे असतात म्हणे, हवेचे. धुरानं ते फुगे ढिले पडून फाटून जातात. फाटलेला फुगा परत शिवता येत नाही. बिडी सोडली तर राहिलेले वाचतील, एवढंच. मी सोडली. त्यात माझा काही मोठेपणा नाही. दम घ्यायचा का बिडी ओढायची, दोन्ही एकदम जमत नव्हतं.

सगुणानं राजूरच्या गणपतीला नारळ कबूल केलं होतं. चतुर्थीला आम्ही गेलो. दर्शन झाल्यावर मी एका झाडाखाली धापा टाकत बसलो, तीही शेजारी टेकली. तिथं भोकरदनकडची कुणी बाई बसली होती. सगुणा तिला सांगून राह्यली होती, "आमच्या ह्यांची तंबाखू सुटली बाई. त्याचंच नारळ. लई वाईट नाद. छाती पार चाळणी झाली माणसाची." आणि बोलता बोलता कमरेची डबी काढून त्या बाईपुढं धरली. "घ्या, लावा चिमूटभर." दोघींनी लावली. मला त्या वेळी त्यात काही वावगं दिसलं नाही. आता दिसतं, पण सांगायला ती राहिली नाही.

मिसरी लावून बाई बोलत नाही, हा आपला समज. सगुणा बोलायची. सकाळी उंबऱ्यावर बसून, बोट तोंडात, ती मला दिवसभराची कामं सांगायची. डेअरीवरून येताना साखर आणा, म्हशीचा खुंटा ढिला झालाय, पोराला फोन लावा. शब्द सगळे एका गालातून यायचे, ओठ न हलवता. बाहेरच्या माणसाला त्यातलं काही कळलं नसतं. मला सगळं बराबर कळायचं. सबंध जन्म तसंच ऐकलेलं.

मीरा आमच्या घरात आली तेव्हा तिला मिसरी माहीत नव्हती. माझा मुलगा भागवत जालन्यात कंपनीत आहे, आठवड्याला घरी येतो. मीरा आमच्याजवळच असते. तिला पहिले दिवस गेले तेव्हा तिच्या पोटात पाणी ठरत नव्हतं. सगुणानंच तिला डबी दिली. "चिमूटभर लाव, मळमळ थांबंल. मी बी भागवतच्या येळंला लावल्ती." मळमळ थांबली की नाही मला माहीत नाही. मिसरी मात्र मीराला लागली. नात जन्मली ती मुठीएवढी. नर्सबाईनं वजन करून दोनदा काटा बघितला. आम्ही म्हणलो, आईचं खाणं कमी पडलं.

दोन वर्षांमागं सगुणानं ठेचा खायचा बंद केला. ती ठेच्याबिगर न जेवणारी बाई. "तोंड आल्यावानी झालंय, भाजतं," म्हणायची. खालच्या हिरडीला, डाव्या अंगाला, जिथं मिसरी बसायची बराबर तिथंच पांढरा चट्टा पडला होता. मंग तिथं जखम झाली. जखम दुखायला लागली की ती त्यावरच मिसरी दाबायची, कारण मिसरीनं ती जागा बधिर होते. दुखायचं थांबलं की म्हणायची, "बघा, मिसरीनंच बरं वाटतं."

मंग दाढ हलायला लागली. जवळच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरनं विचारलं, "तंबाखू खाता का मावशी? गुटखा, सुपारी?"

सगुणाला रागच आला. "छ्या. आमच्या घरात बायका तंबाखूला शिवत बी न्हाईत."

त्यानं माझ्याकडं बघितलं. मी म्हणलो, "न्हाई डॉक्टर. मी बिडी ओढायचो. ती कधी न्हाई." आम्ही खोटं बोललो नाही. आमच्या समजुतीत तेच खरं होतं. डबी तिच्या कमरेलाच होती. डॉक्टरनं दाढ काढली, गोळ्या दिल्या. खड्डा भरून आला नाही. परत गोळ्या. सोयाबीन पेरलं, काढलं, विकलं, तरी खड्डा तसाच. वरून मानेला एक गाठ आली.

तेव्हा भागवत तिला जालन्याला घेऊन गेला, मीही गेलो. तिथं एक तरुण डॉक्टरीण होती. तिनं तोंडात बॅटरी मारून बघितलं आणि तोच सवाल केला. सगुणानं तेच उत्तर दिलं. डॉक्टरिणीनं सगुणाचा उजवा हात हातात घेतला, बांगड्या वर सारल्या आणि बोट धरलं.

"आजी, हे बोट कशानं काळं झालंय?"

"मिसरीनं की."

"आणि मिसरी कशाची करता?"

"तंबा..." सगुणाचं तोंड तिथंच उघडं राहिलं. तिनं माझ्याकडं बघितलं. मी खाली बघितलं.

डॉक्टरीण रागावली नाही. रागावली असती तर बरं वाटलं असतं. तिनं सांगितलं की जाळली तरी ती तंबाखूच राहते, उलट जाळल्यानं त्यातलं विष वाढतं. हिरडीच्या पातळ कातडीतून ते थेट रक्तात जातं, म्हणून डोकं हलकं होतं, म्हणून भूक मरते, म्हणून परत परत लागते. आणि जिथं रोज ठेवता तिथली कातडी रोज मरते, रोज नवी होते, आणि होता होता एक दिवस चुकीची व्हायला लागते. ती चुकीची कातडी थांबत नाही. हाडात शिरते. मानेत उतरते. पोटातल्या लेकराला बी अन्न कमी पोचतं, असंही म्हणली. सगुणानं एवढं ऐकल्यावर एकच विचारलं. "मंग माझ्या सुनंला?"

स्वतःचं नाही विचारलं.

औरंगाबादला मोठं ऑपरेशन झालं. खालच्या जबड्याचं डावं हाड काढलं, छातीचं मांस घेऊन गालाला लावलं. मंग मशीनखाली किरणांचे शेक दिले. शेकानं तोंडातली लाळ आटली. तिला भाकरीचा वास यायचा पण चव काही लागायची नाही, आणि लागून तरी काय, चावायला जबडा नव्हता. नाकातून नळी. कणकेची पेज, दूध, डाळीचं पाणी. भारदस्त बाई होती, पुढं पुढं मी तिला एका हातानं उठवून बसवत होतो, मला दम लागतो तरी.

सगळ्यात वाईट वाटलं ते वेगळंच. ऑपरेशनच्या टाक्यांपेक्षा तिला मिसरीची तलफ जास्त छळत होती. डोकं धरून बसायची, घाम यायचा, पोट साफ व्हायचं नाही, भांडायची. मला खुणेनं म्हणायची, डबी आणा, लावत नाही, नुसता वास घेते. मी आणली नाही. तर तिनं मला ज्या शिव्या दिल्या त्या ऐकून शेजारच्या खाटेवरच्या बाईला वाटलं, ही देवाचं काही म्हणून राह्यली. त्या बाईनं हात जोडले.

कारण तिचं बोलणं आता कुणालाच कळत नव्हतं. पोराला नाही, नर्सला नाही. तिला लिहिता येत नव्हतं. मला मात्र कळायचं. नर्स म्हणली, "बाबा, तुम्हाला कसं समजतं हो?" मी म्हणलो, "बाई, ही पहिल्यापासून एकाच गालानं बोलते." तेव्हापासून मी तिच्या आणि लोकांच्या मधला माणूस झालो. ती बोलायची, मी सांगायचो. एक शब्द इकडचा तिकडं केला नाही. मला गोड करून सांगता येत नाही आणि तिला ते चाललंही नसतं.

घरी आल्यावर तिचं एकच काम सुरू झालं. मीराची मिसरी सोडवायची. तिला नळीतून अन्न जायचं पण नाक शाबूत होतं. मीरा गोठ्यामागून आली की सगुणा पलंगावरून वास घ्यायची आणि मला हाक मारायची. मी जायचो.

"मीरा, ती म्हणते, तोंड धुवून ये. वास येतो."

मीरा चुलीपुढून बोलायची. "मामा, त्यांना सांगा, मला बिलकुल ऐकू येतं. सांगायचं काय त्यात."

"तुला ऐकू येतं, कळत न्हाई."

"कळतं बी. रोज तेच म्हणतेत. मामा, मला आत्यांनीच लावली न्हाई का? आता आत्याच म्हणतेत सोड. सकाळी लावल्याबिगर मला परसाकडं होत न्हाई, डोकं उठतं. त्यांना म्हणावं, तुमचं सुटलं का हौसंनं? तोंडच काढून घेतलं तवा सुटलं."

मी सगुणाकडं बघितलं. हे तिला परत सांगायची गरज नव्हती. ती काहीतरी बोलली. मी मीराला सांगितलं, "ती म्हणते, तुझं बी तोंड काढून घेतल्यावर सोडशील का, टवळे?"

मीराला आधी राग आला, मंग तिला हसू फुटलं, कारण टवळी हा सगुणाचा शब्द तिनं कितीतरी दिवसांनी ऐकला होता, माझ्या तोंडून का होईना. सगुणाही हसली. अर्धा चेहरा हसतो, अर्धा तसाच राहतो. ते बघवत नाही, पण हसणं होतं.

कौसाबाई यायची, पानाची पुडी पदराखाली धरून. "सगुणाबाई, तुम्ही लावू नका, बराबर हाय. पण भाजून तर द्या. तुमच्यासारखी कुणाला जमत न्हाई." सगुणानं हात नुसता दाराकडं केला. ते सांगायला मी लागलो नाही.

जेवायला आम्ही बसलो की सगुणा पलंगावरून बघत बसायची. मी म्हणायचो, तिकडं तोंड कर, उगीच जीव कशाला जाळतेस. ती ऐकायची नाही. ज्याला खाता येत नाही त्याचं दुसऱ्याच्या ताटात लई लक्ष असतं. एक दिवस तिनं मला बोट करून दाखवलं. मला काही दिसलं नाही. मीराच्या ताटात भाकरी होती, वांग्याची भाजी होती. ठेचा मीरानं स्वतः वाटला होता, मला वाढला होता. स्वतःच्या ताटात नव्हता.

"तिला विचारा," सगुणा म्हणली. "तोंड भाजतं का."

मी विचारलं. मीरा म्हणली, "पित्त झालंय मामा."

सगुणा पलंगावरून उतरली. नळी हातात धरून, भिंतीला धरत धरत ती मीरापाशी आली आणि तिला हाताला धरून अंगणात उन्हात नेलं. हनुवटी धरून तोंड उघडायला लावलं. मीरा नको नको म्हणत होती. सगुणानं आपलं तेच बोट तिच्या हिरडीवरून फिरवलं, सगळीकडून, सावकाश. काळं पडलेलं नख तसंच होतं अजून, इतक्या महिन्यांत उतरलं नव्हतं. एका जागेवर बोट थांबलं. तिनं मला बोलावून दाखवलं. नखाएवढा पांढरा चट्टा.

मी विचारलं, "मी काय सांगू तिला?"

सगुणानं मान हलवली. काहीच सांगू नका. मीराला कळलं होतं. ती अंगणात तशीच उभी राहिली, तोंड उघडं ठेवून, जणू मिटायचं विसरली.

जालन्याची तीच डॉक्टरीण. तिनं चट्ट्याचा तुकडा काढून तपासायला पाठवला. तो वाईट निघाला नाही. पण ती साफ म्हणली, "हा चट्टा म्हणजे रस्ता आहे. आत्ता, आजपासून सोडलीत तर तो जाऊ शकतो. नाही सोडलीत तर कुठं नेईल हे तुम्ही घरात रोज बघताच आहात. मधून मधून दाखवत राहा." मीरानं येताना एसटीच्या खिडकीतून डबी फेकली. मी बघितलं. आणि पुढच्याच बाजाराच्या दिवशी ती कौसाबाईच्या ओसरीवर बसलेली होती, तोंडात बोट. तेही मी बघितलं. परत सोडली. परत लावली. डोकं धरून रडायची, नातीवर खेकसायची. सगुणा तिच्यावर आता ओरडत नव्हती. ती म्हणायची, "तिला सांगा, मला ठावं हाय कसं होतं ते. सकाळची येळ वंगाळ. तेवढी येळ हात कामात ठेव म्हणावं." मी सांगायचो.

मंग सगुणाच्या मानेत परत गाठ आली. औरंगाबादच्या डॉक्टरांनी कागद बघितले आणि घरी न्या म्हणले. पुढचं मी लिहीत नाही...

दहाव्याला नदीवर पिंड ठेवला. कावळा शिवेना. लिंबावर बसले होते, खाली येईनात. लोक म्हणले, इच्छा राहिली असंल काहीतरी. भागवतनं हात जोडून सांगितलं, बाबांना सांभाळतो. नाही आला. माझ्या भावानं सांगितलं, नातीला शिकवतो. नाही आला. तेव्हा कौसाबाई पुढं झाली आणि तिनं पिंडाशेजारी एक डबी ठेवली. डोळे पुसत म्हणली, "शेवटी शेवटी लई तरसली बिचारी. आता तरी लावू द्या तिला."

तिचं प्रेम होतं, ते मला कळत होतं. पण मी वाकलो, डबी उचलली आणि पाण्यात फेकली. मंग मीरा पुढं आली. पदर सावरून ती हळूच म्हणली, "आत्या, मी लावणार न्हाई." मागं बायकांत कुणीतरी हुंदका दिला. सगळ्यांनी लिंबाकडं बघितलं.

कावळा तरी आला नाही. शेवटी ऊन चढल्यावर आम्ही दूर जाऊन बसलो, तेव्हा एक आला आणि चोच मारून गेला. भूक लागली असंल. कावळ्याचं मी काही मनाला लावून घेत नाही. लावणार न्हाई, असं मीरानं अगोदरही म्हणलेलं होतं.

तेरावा झाल्यावर कौसाबाई आली. रागावली नव्हती माझ्यावर. बसली, पाणी पिली, मंग म्हणली, "भावजी, तो तवा गोठ्यामागं गंजून जाईल. मला द्या. सगुणाबाईची आठवण म्हणून वापरीन."

मी देऊन टाकणारच होतो. घरात तो असण्यापेक्षा दुसऱ्याच्या घरात बरा, असं मनात आलं. तर मीरा आतून म्हणली, "तवा द्यायचा न्हाई. मला लागतो."

कौसाबाई माझ्याकडं बघून गालात हसली. जणू म्हणत होती, बघा, मिसरी सुटती का कुठं. मला एकदम थकल्यासारखं झालं. एवढं सगळं होऊन, एवढं बघून... मधला माणूस मी उरलो होतो, पण जिचं बोलणं मीराला सांगायचं ती राहिली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला गोठ्यामागून आवाज आला. खर्र, खर्र. गेलो तर मीरा उकिडवी बसली होती. तव्याखाली शेणकुटं लावून तिनं तो लाल होईस्तोवर तापवला होता, गार केला होता आणि आता विटकरीच्या तुकड्यानं घासत होती. राख, विटकर, राख, विटकर. हात कोपरापर्यंत काळे. डोळे लाल. मी उभा राहिलो तर म्हणली, "मामा, ह्याच्यावर भाकरी भाजायची मला."

मी म्हणलो, "कडू लागंल. ह्यावर कुणी भाकरी भाजत न्हाई."

"तुम्ही खाऊन सांगा. कडू लागली तर परत घासते."

ती वेळ तिची मिसरीची. सगुणा म्हणायची तीच वाईट वेळ. मी घरात येऊन बसलो. तिनं ज्वारीची एक भाकरी त्यावर भाजून आणली. मी तुकडा तोंडात घातला तर घसा धरला. सांगितलं, कडू आहे. दुसऱ्या दिवशी परत खर्र खर्र, परत एक भाकरी. कडू. गल्लीतल्या बायका भिंतीवरून बघायच्या, म्हणायच्या मीराला सासूचं याड लागलं. कौसाबाई पुडी घेऊन एकदा गोठ्यापर्यंत आली, तव्याकडं बघितलं, हातातली पुडी मुठीत दाबली आणि तशीच माघारी गेली. तवा आता काळा राहिलेला नाही. मधे खरं लोखंड दिसायला लागलंय. सगुणाच्या आईच्या वेळचं असंल ते. मी तरी कधी बघितलं नव्हतं.

मीराला पुढच्या महिन्यात जालन्याला दाखवायचं आहे. चट्टा कमी झाला की नाही तेव्हा कळेल. मी तिला तोंड उघड म्हणत नाही, तो हक्क माझा नाही. ताटाकडं मात्र बघतो. काल तिनं ठेच्याला बोट लावून बघितलं, जिभेवर ठेवलं, डोळ्यात पाणी आलं. ते तिखटाचं होतं का भाजण्याचं, मला सांगता आलं नाही. हे छापून येईल तवर तपासणी झालेली असंल, मंग तिनं वाचलं तरी हरकत नाही, म्हणून लिहितो.

आज सकाळी तिनं भाकरी आणून दिली. मी उंबऱ्यावर बसलो होतो, सगुणा बसायची त्या जागेवर. तुकडा मोडला, खाल्ला. कडू नव्हता. बिलकुल नव्हता. नव्या ज्वारीची लागते तशी गोड भाकरी.

मीरा गोठ्याच्या कोपऱ्यावर उभी होती, विटकरीचा तुकडा अजून हातात. "मामा, आज?"

ह्या दोघींच्या मधी मी आजवर एक शब्द बदलला नव्हता.

"कडू लागती अजून," मी म्हणलो. "थोडीशी लागती."

"मंग उद्या परत घासते," ती म्हणली आणि तवा उचलून आत गेली.